डाव्या पायाचा ठसा

फेब्रुवारीत खात्यानं बूट दिले.
काळे, कडक, एक नंबर लहान,
मागची कड विळ्याच्या पाठीसारखी.
मी सही करून घेतले.
वनरक्षकानं बुटाची तक्रार करायची नसते
असं मला कुणी सांगितलं नव्हतं,
तरी माहीत होतं.

पिंपळझोरा बीट, रोज अकरा-बारा किलोमीटर.
पाणवठे, कॅमेरे, जाळरेषा,
मोहफुलं वेचणाऱ्या बायांना
पाला पेटवू नका म्हणून विनवणं.
होळीपर्यंत टाचेमागं
बोराएवढा फुगवटा आला,
हात लावला तर गरम,
तव्यावरून नुकत्या उतरलेल्या भाकरीसारखा.
पहाटे खाटेवरून उतरताना
पहिली चार पावलं दुसऱ्याच कुणाची.
मी म्हटलं काटा असेल,
मग म्हटलं मुरगळला असेल.
शेजारच्या काकूनं हळद-चुना थापला.
टाच पिवळी झाली, एवढंच.

सुकरू कुमरे, आमचा वनमजूर,
मातीतलं पाऊल बघून वय सांगतो,
भूक सांगतो, कधीकधी स्वभावही.
त्या दिवशी नाल्याच्या रेतीत वाकला
तो वाकलेलाच राहिला.
मी वही काढली. नर की मादी?
"मादी," म्हणाला.
"डावी टाच टेकतच नाई जी.
चवड्यावर चालून रायली.
पंधरा दिवसाचं दुखनं आहे."
मग वर बघितलं, माझ्या बुटाकडं.

ग्रामीण रुग्णालयात गहाणे मॅडमनी
आधी बूट हातात घेतला, मग पाय.
पालथं झोपवून पोटरी दाबली,
पाऊल हललं.
"दोर तुटलेला नाही."
मग त्या जाड दोराच्या जरा पुढं
दोन्ही बाजूंनी चिमटीत धरलं
आणि मी सरकारी खाटेची कड सोडली नाही.
दोर आणि हाड यांच्या मध्ये म्हणे
एक इवलीशी पिशवी असते,
दोघांनी एकमेकांना घासू नये म्हणून.
सगळ्यांनाच असते,
कळते फक्त सुजल्यावर.
मला माझी मधली बहीण आठवली,
बाबा आणि दादाच्या मध्ये बसून जेवणारी.

ताप? सकाळी कंबर आखडते? बोटं सुजतात?
नाही, नाही, नाही.
"मग गुन्हेगार हाच."
बूट टेबलावर, पंचनाम्याला ठेवावा तसा.
इंजेक्शन मागितलं तर म्हणाल्या,
तिथं घाईनं सुई घालू नये, दोर कमजोर होतो.
मागं उघडी चप्पल घाला.
दोन्ही टाचांखाली अर्धा बोट उंची.
चढ बंद. जेवल्यावर गोळी, सात दिवस.
आणि बर्फ, फडक्यात गुंडाळून,
पंधरा मिनिटं, दिवसातून तीनदा.

बर्फ.
एप्रिलमध्ये, आमच्या गावात.

तलावाच्या पाळीवर तुळजाबाई दिघोरे
मासळीच्या खोक्यातून ओंजळभर काढून द्यायची.
टाचेला रोहूचा वास.
दोन दिवस मांजर माझ्या मागं मागं.

साहेब म्हणाले, गणवेशावर चप्पल नियमात बसत नाही.
मी म्हटलं, पायही बुटात बसत नाही, सर.
सहा आठवडे नाक्यावर बसवलं,
बांबूच्या गाड्यांचे नंबर लिहायला.
सूज उतरल्यावर तिथंच भिंतीला हात टेकून
टाच न उचलता पोटरी ताणायची.
ड्रायव्हर विचारायचे, मॅडम, भिंत पडते का?

साकोलीच्या बाजारात चांभारानं
मागची कड भिजवली, ठोकली, बोटभर कापली,
आतून जुन्या सतरंजीचा तुकडा शिवला.
पैसे सांगताना बूट उलटसुलट करत म्हणाला,
हा पायासाठी बनलाच नव्हता, मोजणीसाठी बनला.

काल पुन्हा नाल्यात उतरलो.
सुकरूनं मागं वळून रेतीकडं बघितलं,
काही बोलला नाही, चालू लागला.
मी थांबले.
उजवी टाच खोल. डावी जराशी उथळ, पण आहे.
वहीत लिहिलं:
मादी, एक. दिशा पूर्व.